दुसरा कोल्टन झर्बी

हेमलॉक फोर्क, पेनसिल्व्हेनिया
२१ सप्टेंबर

रेलिन,

तुझ्या बापाने फोन ठेवला आणि माझ्याकडे न बघता गांडुळांच्या फ्रिजकडे बघितलं, त्या क्षणी माझं सगळं बदललं. तोवर मी कॉलेज अर्धवट सोडून पॅप आजोबांच्या घरी परत आलेला, लाकडाच्या गिरणीत फळ्या रचणारा एक पोरगा होतो. फार मानाचं काही नव्हतं, पण लोक माझ्याशी नीट बोलायचे. आता दुकानात शिरलो की बोलणं थांबतं.

पत्र कशाला, असं म्हणशील. तू माझा नंबर बंद केलायस म्हणून. टपालवाल्याला बंद करायचं बटण अजून निघालेलं नाही.

या वर्षी अग्निशमन दलाच्या फायर हॉलमधल्या सोडतीत माझं तिकीट निघालं. माझं! लहानपणापासून दर वर्षी तिकीट घेतोय, आजवर मिळालं काय, तर एकदा डुकराच्या मांसाचा डबा. या खेपेला दलाच्या चीफ मर्लने माइकवर नाव पुकारलं आणि मला वाटलं कुणीतरी टिंगल करतंय. मग लेवीने, दोस्तच तो, मला उचलून टेबलावर उभं केलं. हरणाची रायफल, अक्रोडी दस्ता, कोरी करकरीत. दलाला नवे पाण्याचे पाइप आले आणि मला ती. मार्चपासून पहिल्यांदा मला काहीतरी मिळालं, रेलिन. मार्चपासून सगळं जातच होतं.

पण सोडतीत जिंकलेली बंदूकसुद्धा दुकानातूनच घ्यावी लागते. फॉर्म भरा, मग दुकानदार राज्य पोलिसांना फोन लावणार, ते नाव तपासणार, ते हो म्हणाले तर घरी न्या. आणि आपल्या गावात दुकान कुणाचं? पुढे गळाची गांडुळं, मागे बंदुका, मधे तुझा बाप.

आम्ही चौघं गेलो. लेवी तर वरातीला निघाल्यासारखा. तुझा बाप, ड्वाइट हॉस्टेटर, मला बघून म्हणतो कसा, "कोल्टन, उद्या सकाळी ये ना. एकटा ये. आज गर्दी आहे."

गर्दी कसली! दोन गिऱ्हाइकं आणि एक कुत्रं.

"द्या हो लवकर," लेवी म्हणाला, "हा तिला कुशीत घेऊन झोपणार आहे. दुसरी कुणी आहे कुठे त्याच्याकडे?"

सगळे हसले. मीही हसलो. तुझा बाप हसला नाही. फॉर्म पुढे सरकवला. त्यात एक प्रश्न होता, तुम्हाला कधी सक्तीने मनोरुग्णालयात भरती केलं होतं का. मी 'नाही'वर खूण केली. का नाही करायची? मला कोर्टात कुणी उभं केलं नाही. बेड्या नाहीत, वकील नाही, शिक्षा नाही. थोडे दिवस हॉस्पिटलात हिरवी जेली खाल्ली आणि एका बाईला माझ्या झोपेबद्दल सांगितलं. त्याला जर हे म्हणत असतील तर उद्या दात काढायला गेलेल्यालाही विचारा.

तुझा बाप फोनवर बराच वेळ नुसता "हं, हं" करत होता. मग ठेवला. मग ते फ्रिजकडे बघणं.

"नकार आलाय, पोरा."

 माझ्या तोंडातून निघून गेलं, "दुसरा कुणीतरी कोल्टन झर्बी असणार. कुठेतरी."

"असणारच!" लेवी म्हणाला. "कुणीतरी भामटा."

तुझ्या बापाने 'हो'ही म्हटलं नाही आणि 'नाही'ही.

आता तुझ्यावर येतो. मला हॉस्पिटलात टाकणाऱ्या कागदावर सही तुझी. मी हॉस्पिटलातून सुटल्यावर फोन केला तेव्हा तू स्वतःच्या तोंडाने सांगितलंस, "हो, मीच केली. आता काय शिव्या द्यायच्या त्या दे." दिल्या मी. कमी दिल्या. तेव्हा मला वाटलं होतं, चार दिवसांचा प्रश्न आहे. तुझ्या त्या एका सहीने मला जन्मभर बंदूक मिळणार नाही, हे कुठे माहीत होतं?

दगडाच्या खाणीजवळ गाडी लावून बसणं हा गुन्हा आहे का? गाडीत पॅपची शॉटगन होती, तर होती. या गावात एक गाडी दाखव जिच्यात नसते. फोन केले, ते कबूल. जरा जास्त केले. काय बोललो ते मला आठवत नाही, आणि तुला आठवतं म्हणून ते खरं ठरत नाही.

तुझं भलं न चिंतणारा,
कोल्टन


९ ऑक्टोबर

रेलिन,

तुझा बाप म्हणाला की पत्र तुला मिळालं. "ती वाचते," एवढंच म्हणाला आणि मासे धरायचा दोरा गुंडाळत बसला. म्हणजे वाचतेस आणि उत्तर देत नाहीस. वा! मोठी माणसं.

तर ऐक. आता इथे सगळ्यांना त्या दुसऱ्या कोल्टन झर्बीची माहिती झाली आहे. लेवीने कॅफेत सांगितलं की तो ओहायोत असतो. डॉरिस वाढपिणीने त्यात भर घातली की तो गाड्या चोरतो. चर्चच्या बीन सूपच्या जेवणात मी ऐकलं की त्याने बायकोला मारलं आणि त्याच्या मानेवर साप गोंदलेला आहे. त्याची माहिती माझ्यापेक्षा जास्त लोकांना आहे. माझ्याबद्दल कुणी इतकं कधी बोललंय का?

आणि चीफ मर्लने काय केलं सांगू? तुझ्या बापाकडून कागदोपत्री सगळं नीट करून ती रायफल परत घेतली आणि फायर हॉलमध्ये जिथे ढाली ठेवतात त्या काचेच्या कपाटात कुलपात ठेवली. खाली पुठ्ठ्यावर लिहिलंय: 'कोल्टनची रायफल. कोल्टन येईपर्यंत.' म्हाताऱ्या बायका बिंगोला येतात आणि त्या काचेला हात लावून जातात, जणू मी मेलोय.

"अपील कर," सगळे म्हणतात.

"केलंय," मी म्हणतो.

पॅप ताटात बघत जेवत राहतो. आधी बोलका माणूस, तुला माहीतच आहे. टीव्हीवर राज्यपाल दिसला की आवाज बंद करून स्वतःच त्याच्या वतीने मूर्खासारखं बोलून दाखवायचा. आता नवा कायदा यायचाय ना, खाजगीत रायफल विकली तरी नाव तपासायचं म्हणून, त्यावर तर त्याने दिवसभर बोलायला हवं. बोलतोही. पण मी खोलीत आलो की विषय बदलतो.

आणखी एक. मी मार्चमध्ये परत आल्यापासून त्याच्या भिंतीवरची बंदुकांची मांडणी रिकामी आहे. नुसते खुंटे. विचारलं तर म्हणाला, "ड्वाइटकडे दिल्यात साफ करायला."

"सगळ्या? एकदम?"

"घरात ओल आहे."

"सात महिने साफ करतोय? काय दातांच्या ब्रशने?"

"तू तुझं जेव."

म्हातारा झालाय. मला त्याची काळजी वाटते. माझी कुणाला वाटते का, हा प्रश्न वेगळा.

काल आमदार ग्रेबिल स्वतः गिरणीवर आला होता. कोट, टाय, आणि बुटांना भुसा लागू नये म्हणून पाय उचलून चालतोय. माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाला, "तुझ्यासारख्या मुलासाठीच मी लढतोय." सव्वीस तारखेला फायर हॉलमध्ये त्या कायद्यावर सभा आहे, तिथे मी बोलायचं. "दोन वाक्यं बोल," म्हणाला, "पण मनापासून."

मी हो म्हटलं. मला मनापासून बोल असं कुणीतरी म्हणालं तरी.

लेवीची बहीण सांगत होती की तू एका चष्मेवाल्याबरोबर दिसतेस. तुमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात. मला काही फरक पडत नाही. फक्त त्याला सांग की तुझं बोलणं चालू असताना मधे बोलायचं नसतं, तू वाक्य पहिल्यापासून सुरू करतेस. मला ते शिकायला वर्ष लागलं.

कोल्टन


२७ ऑक्टोबर

रेलिन,

काय समजतेस तू स्वतःला?

तू येशील हे मला कुणी सांगितलं नव्हतं. हॉल गच्च भरलेला, कॉफीच्या पिंपाजवळ तुझा बाप हाताची घडी घालून उभा, आणि दारातून तू, मागे कॉलेजातली दोन पोरं, छातीवर बिल्ले. चष्मेवाला त्यांतलाच ना? बारीक आहे. वारा आला तर धर त्याला.

आणि बोलायला उभी राहिलीस. इथल्याच पोरीने, इथल्याच हॉलमध्ये, जिथे तुझा सोळावा वाढदिवस झाला आणि मी केक पाडला. आवाज थरथरत होता तुझा. मला बरं वाटलं.

"मी एवढंच म्हणते," तू म्हणालीस, "दुकानात विकताना जे विचारतात, तेच मैदानात गाडीच्या मागच्या फळीवर विकताना विचारा. तेवढंच."

"अगं, बंदुका विकूनच तुझ्या बापाने तुझी फी भरली!" मागून कुणीतरी ओरडलं आणि हशा पिकला.

"हो. आणि तो प्रत्येकाचं नाव तपासतो. विचारा त्याला. त्याने धंदा बुडाला का?"

"सुगीच्या दिवसांत शेजाऱ्याला रायफल दिली तर मला तुरुंगात टाकाल?"

"सुगीत रायफल कशाला लागते, होमर? मका शरण येत नाही का?"

यावर हशा तुझ्या बाजूने झाला. मलाही हसू आलं होतं, ते मी दाबलं. तू अशीच होतीस. अशीच आहेस. त्याचाच मला संताप येतो.

मग चीफ मर्ल उठला. त्या काचेच्या कपाटाकडे बोट केलं. "मग या पोराचं काय, रेलिन? नाव तपासलं म्हणूनच त्याची रायफल आत आहे ना? कुठल्या ओहायोच्या चोराचं पाप याच्या डोक्यावर! त्याला तू लहानपणापासून ओळखतेस. सांग आता, याच्याकडे बघून सांग."

सगळा हॉल तुझ्याकडे वळला. आणि तू माझ्याकडे बघितलंस. मी खुर्चीची कड धरून बसलो होतो. मला वाटलं, आता संपलं. आता ती बोलणार. एकच वाक्य पुरलं असतं: 'दुसरा कोल्टन झर्बी कुणी नाही.' तू वाद जिंकली असतीस. जागच्या जागी.

तू म्हणालीस,

"त्याच्याबद्दल मला काही बोलायचं नाही."

मग काय, सुटलेच सगळे. कुणी टेबलं बडवली, कुणी कुत्र्यासारखं भुंकलं. तू खाली बसलीस. तो चष्मेवाला तुझ्या कानात विचारत होता, त्याला कळलंच नसणार की हातातली गोष्ट तू का सोडलीस. तू त्याला सांगितलं नाहीस ना? सांगितलं असशील तर मी इथून चालत येईन.

नंतर पॅप उठला. इतक्या दिवसांनी माझा जुना पॅप. टोपी हातात. "माझ्या आजोबांची बंदूक माझ्या बापाकडे आली," तो म्हणाला, "बापाची माझ्याकडे. हातातून हातात. मधे कुणी टेबल टाकून बसलेलं नव्हतं. माणसाला माणूस ओळखतो, यंत्र नाही. आणि घरच्या माणसावर पोलिस घालणाऱ्याने माझ्या उंबऱ्याला पाय लावू नये." टाळ्यांनी छप्पर उडायची वेळ आली. त्याने माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. मला वाटलं, भरून आलं असेल.

मग मी. दोन वाक्यं सांगितली होती, मी किती बोललो देव जाणे. म्हटलं, मी कुणाचं काही चोरलं नाही, कुणाला हात लावला नाही, आणि पोलिसांकडच्या एका बाईने फोनवर माझं नाव वाचून मला माझ्याच गावात चोर केलं. सगळं खरंच होतं की नाही? एक शब्द खोटा दाखव. बायका रडत होत्या. आमदार ग्रेबिल सगळ्यांत आधी उभा राहिला.

तू निघालीस तेव्हा माझ्या जवळून गेलीस. तोच वास तुझ्या केसांना. मी तुझ्या पाठीवर ओरडलो, "बोलली का नाहीस?" लोकांना वाटलं मी तुला चिडवतोय. ते हसले.

मी खरंच विचारत होतो. तू बोलली असतीस तर मला तुझा नीट द्वेष करता आला असता. तेवढंही तू मला करू देत नाहीस.

उपकार नको आहेत तुझे.

कोल्टन


४ नोव्हेंबर

रेलिन,

थोडक्यात लिहितो, म्हणजे तुझा कायदा कुठे राहिला ते तुला कळेल.

माझं भाषण ऐकून पलीकडच्या काउंटीतला अर्ल नावाचा एक म्हातारा आज गिरणीवर आला. गाडीच्या मागची फळी पाडली, घोंगडी बाजूला केली. जुनी रायफल, पण काय निगा राखलेली!

"माझा खांदा गेला," तो म्हणाला. "मला पोरं नाहीत. तुझं बोलणं ऐकलं आणि बायकोला म्हटलं, त्या पोराला द्यायची."

"पैसे?"

"पैसे ठेव तुझ्याकडे. पहिल्या हरणाची मागची मांडी आणून दे." मग जीभ गालात फिरवत, "तुझं सगळं ठीक आहे ना? म्हणजे, तुला ठेवायला काही अडचण नाही ना?"

"नाही."

"मग झालं."

एवढंच. हात मिळवला, संपलं. ना फॉर्म, ना फोन, ना गांडुळांचा फ्रिज. जे तुझ्या बापाच्या दुकानात मिळालं नाही ते गिरणीच्या मागे, भुश्यात उभं राहून मिळालं. कायद्याने तो मोकळा. मी नाही, ते मला माहीत आहे. पण विचारणारं कोण होतं तिथे? तोच होता, आणि त्याने विचारलं, आणि मी उत्तर दिलं.

पलंगाखाली ठेवली आहे. पॅपला ठाऊक नाही. घरात आहे एवढ्यानेच जरा बरं वाटतं. कशासाठी बरं वाटतं ते विचारू नकोस.

आता हरणांच्या शिकारीचा सीझन सुरू झाला की मी कॅम्पवर जाणार. लेवी, चीफ मर्ल, होमर, सगळे. तीच जुनी केबिन, तीच बेकनच्या धुराने काळी झालेली खिडकी. मला कुणी शिकारीतून काढलेलं नाही. तू काढायचा प्रयत्न केलास, जमलं नाही.

परवा गाडी घेऊन खाणीकडे गेलो होतो. उगाच. पाणी खाली गेलंय.

कोल्टन


नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरचा शुक्रवार

रेलिन,

हे पत्र मी स्वयंपाकघरात बसून लिहितोय आणि समोर पॅप बसलाय. आमचं दोघांचं बोलणं संपलेलं आहे. तो बोलत नाही म्हणून मी लिहितोय. बाहेर लख्ख ऊन आहे, तव्यावर कालचं टर्कीचं सारण करपून वास सुटलाय, आणि कुणी उठून गॅस बंद करत नाही. थांब, मीच केला.

उद्या सीझन सुरू. दुपारी लेवी न्यायला येणार म्हणून मी सामान बांधलं. बूट, नारिंगी कोट, आणि लांब पेटी. पॅप दारात उभा.

"त्यात काय आहे?"

"गिटार."

"तू गिटार कधीपासून वाजवायला लागलास?"

"कॉलेजात."

"कॉलेजात तू काय काय शिकलास ते मला माहीत आहे. टेबलावर ठेव."

मी ठेवली. त्याने पेटी उघडली. बराच वेळ बघत राहिला. त्याला बंदूक बघताना तू पाहिलं आहेस ना? लहान पोराचा चेहरा होतो. आज तसा झाला नाही.

"कुणी दिली?"

"हातातून हातात आली," मी म्हटलं. "मधे कुणी टेबल टाकून बसलं नव्हतं."

लागलं त्याला. लागावं म्हणूनच बोललो होतो.

"ही बाहेर जाणार नाही," तो म्हणाला.

"हॉलमध्ये काय बोललास, पॅप? सगळ्या गावासमोर?"

"बोललो. उद्या परत बोलेन. सरकारने माझ्या घरात नाक खुपसलेलं मला चालणार नाही."

"मग?"

"मग काय? सरकारला मी विचारणार नाही. आणि तुझ्या हातात ही देणार नाही. दोन्ही मीच ठरवतो."

"तिच्या एका सहीपायी मला..."

"तिची नाही."

मला वाटलं त्याला ऐकू आलं नाही. म्हणून मी मोठ्याने बोललो, तुझं नाव घेऊन, सोबत दोन-तीन विशेषणं लावून. तुला ती त्या फोनपासून माहीत आहेत.

"ओरडू नकोस. ती इथे नव्हती, कोल्टन. तीन तासांच्या अंतरावर होती. तू तिला जे बोललास ते ऐकून तिने मला फोन केला. रडत होती, मला आधी कोण बोलतंय तेच कळेना. खाणीवर मी आलो. काच ठोठावली. तू दार उघडत नव्हतास आणि माझ्याकडे बघत पण नव्हतास. पोलिस मी बोलावले. हॉस्पिटलात डॉक्टरने कागद पुढे केला, त्यावर सही मी केली. माझं नाव आहे त्याच्यावर. हॅरल्ड झर्बी. जा, बघून ये."

मी म्हटलं, "तिने कबूल केलं होतं. फोनवर. मीच केली म्हणाली."

"मी सांगितलं होतं तिला."

"का?"

तो टोपी फिरवत बसला. "तुझे आईबाप नाहीत. तू माझ्यावर चिडला असतास तर घर सोडलं असतंस. मग जाणार कुठे होतास? म्हणून तिला म्हटलं, त्याला तुझ्यावर चिडू दे. तू लांब आहेस, तुला झेपेल. ती लगेच हो म्हणाली."

तर असं. तुम्ही दोघांनी बसून ठरवलंत की माझा राग कुठे ठेवायचा. माझा राग म्हणजे काय जुनं कपाट आहे, या भिंतीचं उचलून त्या भिंतीला लावायला? आठ महिने मी तुला शिव्या देतोय, आधी फोनवर, मग कागदावर, स्वतःच्या खर्चाच्या टपाल तिकिटांनी, आणि तू त्या वाचून ठेवतेस, आणि हा इथे मला रोज अंडी करून घालतो. आणि तुझा बाप, त्याच्याकडे पॅपच्या सगळ्या बंदुका कुलपात. साफ करायला म्हणे! त्यालाही माहीत. एकटा ये, म्हणत होता. सगळ्यांना माहीत, फक्त कोल्टन मूर्ख. ओहायोतल्या त्या सापवाल्याला माझ्यापेक्षा जास्त मान आहे, त्याला निदान त्याचे गुन्हे माहीत असतील.

मी पेटी बंद केली आणि उचलली.

पॅपने खिशातून तो त्याचा घडीचा जुना मोबाइल काढला. चष्मा लावला. एकेक बटण दाबत नंबर लावला, राज्य पोलिसांचा, पाठ आहे त्याला. शेवटच्या हिरव्या बटणावर अंगठा ठेवला.

"दाराबाहेर पाऊल टाकलंस की दाबतो."

"तू? घरच्या माणसावर?"

"एकदा केलंय. दुसऱ्यांदा सोपं जाईल."   मग त्याने विचारलं, अगदी हळू, "हरणासाठीच नेतोयस ना?"

'हो' म्हणायला मी तोंड उघडलं. रेलिन, ते 'हो' जितक्या लवकर यायला हवं होतं तितक्या लवकर आलं नाही. मी वाट बघत राहिलो त्याची. तोही बघत राहिला. अर्लला 'नाही' म्हणताना मला क्षण लागला नव्हता, आणि त्या फॉर्मवर खूण करताना तर त्याहून कमी.

मी पेटी खाली ठेवली आणि कागद घेऊन बसलो. तेव्हापासून हे असंच चाललंय.

यातून तू काही गोड अर्थ काढू नकोस. तुला माफ केलेलं नाही. आधी सहीसाठी केलं नव्हतं, आता सही न केल्यासाठी करत नाही. तुझा तो कायदा मला अजूनही पटत नाही, आणि पॅपचं भाषणही आता पटत नाही, आणि तुम्ही दोघंही माझ्याकडे बघून जो चेहरा करता तो मला जन्मात पटणार नाही. तू फोन केलास त्याबद्दल काय बोलायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. ठरलं की कळवेन. किंवा नाही कळवणार.

लेवी आला. हॉर्न वाजवतोय, तेवढ्यासाठी देवाने त्याला हात दिलेत. खिडकीतून ओरडतोय, "चल रे हिरो, मर्लने तुझ्यासाठी स्टोव्हजवळची झोपायची फळी राखून ठेवलीय!"

रायफल टेबलावर आहे. पॅपने तिच्यावर हात ठेवलाय, दुसऱ्या हातात अजून तो फोन. अर्लचा पत्ता त्याला सांगितलाय, ड्वाइटने ती परत पोचवावी, आणि का ते मी स्वतः जाऊन सांगेन असं म्हणावं.

मी रिकाम्या हाताने कॅम्पवर चाललोय. पाय ठेवला की पहिला प्रश्न तोच येणार, "कुठाय तुझी?" आणि सगळे माझ्याकडे बघणार, तेच सगळे, ज्यांनी माझ्यासाठी टेबलं बडवली, ज्यांच्यासमोर तू गप्प बसलीस. मग मला सांगावं लागेल. मर्ल शिव्या देईल. होमर बहुतेक बोलणारच नाही. लेवी आधी हसेल आणि मग त्याला हसता येणार नाही. कदाचित मला तिथूनच चालत परत यावं लागेल, रस्ता लांब आहे. येईन. पण आता माझं कुठलंही उत्तर तुला किंवा पॅपला द्यावं लागू नये. माझं मी देतो.

पत्र टेबलावर ठेवतोय, तुझा पत्ता घालून. टपालात टाकायचं की स्टोव्हमध्ये, ते पॅप ठरवेल. ठरवायची त्याला सवय आहे.

त्याने आत्ता विचारलं, "जेवून जात नाहीस?"

 कोट घातलाय. बाहेर पडतोय, आणि दार मी आपटूनच लावणार आहे.

कोल्टन